विश्लेषण : गाडीतले ‘नायट्रस’ नेमके काय करते? वऱ्हाडच्या उन्हात त्याचा धोका का वाढतो?

स्टेअरिंगजवळचे बटण दाबले की गाडी सुसाट सुटते. २००१ मध्ये आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या हॉलिवूडपटाने हे दृश्य जगभर पोहोचवले. आता मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे अचलपूर-परतवाड्याच्या गाडीशौकिनांनाही ‘नायट्रस’ हा शब्द परका राहिलेला नाही. मात्र या बटणामागचे रसायनशास्त्र, मे महिन्यातला वऱ्हाडचा पारा आणि मोटार वाहन कायदा या तिन्ही गोष्टी चित्रफितीत दिसत नाहीत.

नायट्रस ऑक्साइड हे इंधन आहे का?

नाही. हा वायू स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतो. इंजिनाची ताकद किती पेट्रोल जळते यावर ठरते आणि पेट्रोल किती जळणार हे प्राणवायू किती मिळतो यावर. एक किलो हवेत वजनाने सुमारे २३० ग्रॅम प्राणवायू असतो. एक किलो नायट्रस ऑक्साइडमध्ये तो ३६० ग्रॅमच्या वर असतो. सिलिंडरमधल्या उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे, या वायूचे रेणू फुटू लागतात आणि प्राणवायू मोकळा होतो. दुसरा फायदा थंडाव्याचा. द्रवरूप नायट्रस उणे ८८ अंशांना उकळते. त्यामुळे फवारा सुटताच आत येणारी हवा थंड आणि दाट होते. तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते.

ही कल्पना आली कुठून?

जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू तयार केला. हम्फ्री डेव्ही यांनी तो हुंगून पाहिला आणि त्याला ‘हसवणारा वायू’ हे नाव मिळाले. १८४४ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना तो वापरला. आजही शस्त्रक्रियागृहात भूल देताना तो वापरला जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांना उंचावरच्या विरळ हवेत ताकद मिळावी म्हणून ‘जीएम-१’ नावाची नायट्रस यंत्रणा बसवली गेली. मोटारींसाठी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्या आद्याक्षरांवरूनच ‘नॉस’ हा शब्द रूढ झाला.

गाडीत काय काय बसवावे लागते?

डिक्कीत दाबाखालची बाटली, तिथून इंजिनापर्यंत नळी, वायू सोडणारा-थांबवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह आणि ठरावीक मापाचे बारीक छिद्र असलेला जेट. ‘ड्राय’ प्रकारात फक्त नायट्रस फवारले जाते आणि जादा पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरमधूनच द्यावे लागते. ‘वेट’ प्रकारात नायट्रस आणि पेट्रोल एकत्र फवारले जाते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेत असतील, तरच वायू सुटेल अशी सोय करावी लागते. शिवाय स्पार्क प्लग थंड प्रकारचे घ्यावे लागतात आणि ठिणगी पडण्याची वेळ मागे घ्यावी लागते. साधारण साडेचार किलोची बाटली १०० अश्वशक्तीच्या जेटवर जेमतेम दीड-दोन मिनिटे पुरते. म्हणजे हा खेळ सेकंदांचा आहे, रोजच्या प्रवासाचा नाही.

मग इंजिन का बसते?

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, पण नायट्रस साडेनऊ किलोच्या आसपास पुरते. नायट्रस आले आणि त्याच्या हिशेबात पेट्रोल आले नाही, तर मिश्रण कोरडे पडते, तापमान भडकते आणि मिश्रण वेळेआधीच पेट घेते. इंजिनातून येणारा ‘खट खट’ आवाज ही त्याची खूण. काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकते. आपल्याकडच्या साध्या १.२ लिटर पेट्रोल गाडीची ताकद ८०-९० अश्वशक्ती असते. त्यात ५० ची भर म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच आणि ब्रेक यांपैकी काहीही त्या ताकदीसाठी बनवलेले नसते.

वऱ्हाडच्या उन्हाचा संबंध काय?

इथेच खरी गोम आहे. बाटलीतले नायट्रस द्रवरूप असते. २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५० बार असतो, ३० अंशांना ६३ च्या आसपास. बहुतेक यंत्रणांचे जेट साधारण ६२ ते ६९ बार दाब गृहीत धरून निवडलेले असतात. थंड देशांत त्यासाठी बाटलीला हीटर लावतात. आपल्याकडे अडचण उलटी आहे. ३६.४ अंश हे नायट्रसचे क्रांतिक तापमान. त्याच्या वर ते कितीही दाबले तरी द्रव राहू शकत नाही. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत त्याहून बराच वर.

अशा वेळी बाटलीतला दाब बेभरवशाचा होतो. बाटली भरलेली असेल तर तो वेगाने चढतो, वायू जास्त सुटतो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. म्हणजे पुन्हा कोरडे मिश्रण. बाटली मर्यादेपेक्षा जास्त भरली असेल तर धोका थेट फुटण्याचा. दाब वाढल्यावर फाटून वायू बाहेर सोडणारी सुरक्षा चकती असते, पण ती बंद गाडीत फाटली तर आतल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत या चकतीचे तोंड नळीने गाडीबाहेर काढतात.

सीएनजी किट चालते, मग हे का नाही?

सीएनजीची टाकी तर २०० बार दाबाची असते, असा युक्तिवाद हमखास होतो. फरक परवानगीचा आहे. सीएनजी टाकी ‘पेसो’ने, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेने मान्य केलेली असते. तिची दर तीन वर्षांनी दाब चाचणी होते आणि किटची नोंद आरसीवर होते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार सिलिंडर भरायलाही परवाना लागतो. रुग्णालयाच्या वापरातला वायू दुसऱ्या बाटलीत उतरवून घेणे हा जुगाड नियमबाह्य तर आहेच, जिवावरचाही आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावल्यास कलम १८९ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्यातच अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते.

मग हौस भागवायची कुठे?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट त्यासाठी नाही. नायट्रस सरळ, मोकळ्या पट्ट्यावर वापरायची गोष्ट आहे. घाटात वळणे, समोरून येणाऱ्या एसटी आणि पर्यटक असतात. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची शर्यत होते. चेन्नईजवळच्या ट्रॅकवरही ड्रॅग शर्यती भरतात. तिथे गाडीची तपासणी होते, हेल्मेट सक्तीचे असते आणि मदतीला पथक उभे असते. नोंदणीपूर्वी त्या वर्षीची नियमावली आणि नायट्रसला मुभा असलेला गट पाहून घ्यावा.

जुनी, सजवलेली गाडी विकत घेताना डिक्की आणि सीटखालची जागा जरूर पाहावी. अशी बाटली सापडली तर तिचा व्हॉल्व्ह खोलून पाहू नये, गॅरेजमध्ये वायू सोडू नये आणि गाडी उन्हात ठेवू नये. परवानाधारक गॅस विक्रेत्याला बोलावून ती काढून घ्यावी. व्यवहाराची रक्कम त्यानंतरच द्यावी.