आधी सभागृह, मग चळवळ

मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास आपण बहुतेकदा माणसांच्या नावांनी सांगतो. 1960 मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली. त्यातल्या काहींनी पुढे 1971 मध्ये ‘आविष्कार’ काढली. हा वंशवृक्ष खरा असला तरी त्याने 1974 नंतर मुंबईच्या दादरमध्ये प्रायोगिक नाटकांची जी चळवळ उभी राहिली तिचा उलगडा होत नाही. गुणी माणसे त्याआधीही होती, संहिताही होत्या. नव्हती ती परवडणारी, रोजच्या वाटेवरची जागा. ती छबिलदास शाळेच्या सभागृहाने दिली, आणि या चळवळीच्या इतिहासात पहिला मान या सभागृहाचाच आहे, असे माझे मत आहे.

त्या काळचा हिशेब पाहावा. दादरमध्येच शिवाजी मंदिर होते, पण तिथले भाडे आणि तारखा व्यावसायिक नाटकांना झेपणाऱ्या. राज्य नाट्यस्पर्धेने 1954 पासून हौशी संस्थांना मंच दिला खरा. मात्र स्पर्धा आटोपली की बहुतेक नाटके तिथेच संपत. नाटक प्रयोगागणिक घडते, सुधारते, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा उभे राहायला ठिकाण लागते. शाळेच्या सभागृहात पडदा, विंग, भारी नेपथ्य यांची सोय नव्हती. म्हणूनच खर्च उतरला आणि नट प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर आला. नाटककार बादल सरकारांचे ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी तिथे केले. प्रेक्षकांमधूनच फिरणारे ते नाटक चौकटीच्या रंगमंचावर गुदमरलेच असते. हे सभागृह चालवणाऱ्या ‘आविष्कार’ने जागा स्वतःपुरती ठेवली नाही, दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्यासारख्यांची नाटकेही तिथे झाली. हे औदार्य मला एखाद्या थोर नाट्यकृतीइतकेच मोलाचे वाटते. शिवाय ‘आविष्कार’च्या सुलभा देशपांडे याच शाळेत शिक्षिका होत्या. अशी घरोब्याची नाती वस्तीतच जुळतात.

यावर आक्षेप येईल की नुसत्या खोलीने नाटक होत नाही. सभागृहे तर गावोगाव रिकामी पडली आहेत. बरोबर आहे. अरविंद देशपांड्यांसारखा माणूस वर्षानुवर्षे व्यवस्था सांभाळत नसता, तर ते सभागृह बक्षीस समारंभापुरतेच उरले असते. पण माणसाची ही चिकाटीसुद्धा जागेभोवतीच साचते. प्रेक्षक मूठभर होते, हा दुसरा आक्षेप. होतेच, मात्र त्याच प्रेक्षकांत उद्याचे नट, लेखक आणि समीक्षक बसत, आणि एकाचे नाटक दुसरा पाहत असे. हा परिणाम तिकीटविक्रीच्या आकड्यांत दिसणार नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 1992 मध्ये छबिलदासमधला मुक्काम हलला, तरी ‘आविष्कार’ टिकली, मग जागेचे एवढे महत्त्व कसले? पण संस्था गेली कुठे? माहीमच्या महापालिका शाळेत. पुन्हा वस्तीतली शाळा, पुन्हा दुसऱ्याच्या मालकीचे छप्पर. आजही सांस्कृतिक अनुदानाची चर्चा निर्मितीखर्च आणि पारितोषिके यांपाशी थांबते. संध्याकाळी बंद होणाऱ्या महापालिका शाळांची सभागृहे त्या चर्चेत येतच नाहीत.