सेंट हेलेना : वाऱ्याच्या वाटेवरचे बेट

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर असलेले सेंट हेलेना हे ब्रिटिश सत्तेखालील बेट जेमतेम १२२ चौरस किलोमीटरचे असून तेथे चार-साडेचार हजार लोक राहतात. नेपोलियनच्या बंदिवासापुरतीच त्याची ओळख ठेवणे अन्यायाचे आहे, कारण या बेटाच्या पोटापाण्याचे निर्णय नेहमी दूर कोठेतरी कसे होत गेले, हा त्याच्या इतिहासाचा खरा गाभा आहे.

या बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी गोव्याहून आला होता. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज सैनिक आदिलशाही पक्षाला मिळाला म्हणून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने त्याचे नाक, कान आणि उजवा हात कापवला. पुढे १५१६ च्या सुमारास तो या निर्जन बेटावर उतरला आणि तेथेच त्याने झाडे लावली, जनावरे पाळली. भारताकडून परतणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून, वर्षभर आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या आधाराने वर सरकत आणि या वाटेवर गोडे पाणी व ताजा भाजीपाला मिळण्याचे हे सोयीचे ठिकाण असल्याने १६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते वसवले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे वाढली आणि बंदराचा धंदा ओसरत गेला.

पुढे न्यूझीलंड फ्लॅक्स या लांब पात्यांच्या वनस्पतीपासून वाख काढून सुतळी व दोर बनवण्याचा उद्योग उभा राहिला, परंतु त्याचे मोठे गिऱ्हाईक असलेले ब्रिटिश टपाल खाते कृत्रिम धाग्याकडे वळल्यावर १९६६ मध्ये शेवटची गिरणी बंद पडली. ती वनस्पती मात्र डोंगरउतारांवर माजली असून मूळच्या दुर्मीळ झाडांची जागा तिने व्यापली आहे.

आज सरकारी खर्चाचा मोठा भाग ब्रिटनच्या अनुदानातून भागतो. एकेकाळी ज्या बेटाने साम्राज्याची जहाजे जगवली, त्याला मिळणाऱ्या या पैशाला केवळ दया म्हणणे योग्य नव्हे. २००२ मध्ये पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व परत मिळाल्यावर तरुणांना ब्रिटनमध्ये काम करणे सोपे झाले आणि गावांत वृद्धांचे प्रमाण वाढले. पर्यटनावर भिस्त ठेवून बांधलेल्या विमानतळावर वाऱ्याचा वेग व दिशा अचानक पालटत असल्याने नियमित प्रवासी सेवा ऑक्टोबर २०१७ पर्यंत लांबली. त्यानंतर समुद्राखालची वेगवान इंटरनेट केबल आली. थोडीशी, पण नावाजलेली कॉफी आणि मासेमारी यांची जोड असली, तरी धान्यापासून इंधनापर्यंत बहुतेक माल अजूनही जहाजानेच येतो.