यकृताच्या कर्करोगाचे संशोधन : मोजण्याआधी माप तपासावे लागते

यकृताचा कर्करोग हा जगातील सर्वांत जीवघेण्या कर्करोगांपैकी एक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 8 लाख 66 हजार लोकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे 7 लाख 58 हजार लोक त्याने दगावले. या दोन आकड्यांत इतके थोडे अंतर असण्याचे एक मोठे कारण असे, की हा रोग बहुधा उशिरा लक्षात येतो आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच रोगाची चाहूल लवकर देणारी किंवा कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी खूण गाठीतील जनुकांच्या वागण्यात सापडते का, याचा शोध अनेक प्रयोगशाळांतून चालू असतो. हा शोध ज्या मोजमापावर उभा आहे त्याचा पाया म्हणजे संदर्भ जनुकांची निवड. ती चुकली, तर पुढचे सगळे आकडे दिसायला काटेकोर असूनही दिशाभूल करतात.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. यकृताची पेशी मेंदूच्या पेशीहून वेगळी ठरते ती कोणती जनुके किती प्रमाणात कामाला लागली आहेत यामुळे. जनुक कामाला लागले, की त्यातील माहितीची प्रत संदेशवाहक आरएनए या रेणूच्या रूपात तयार होते आणि त्या प्रतीवरून प्रथिन घडते. या क्रियेला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात, आणि आरएनएच्या प्रती किती आहेत हे मोजले की तिचा अंदाज बांधता येतो. हे मोजण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे रिअल-टाइम पीसीआर. तीत आधी आरएनएवरून डीएनए तयार करतात. हे काम करणारे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1970 मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढले होते. त्यानंतर कॅरी मलिस यांना 1983 मध्ये सुचलेल्या पीसीआर प्रक्रियेने त्या डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या प्रती दर आवर्तनाला दुप्पट होत जातात, आणि चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे ही वाढ यंत्राला त्या त्या क्षणी टिपता येते. चमक ठरावीक पातळी ज्या आवर्तनात ओलांडते, त्या आवर्तनाच्या क्रमांकाला सीटी मूल्य म्हणतात. मूळ प्रती जितक्या जास्त तितके हे मूल्य कमी. एका आवर्तनाचा फरक म्हणजे दुपटीचा फरक आणि सुमारे 3.3 आवर्तनांचा फरक म्हणजे दसपटीचा.

मात्र दोन नमुन्यांतील सीटी मूल्ये थेट शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण एका नमुन्यातून आरएनए अधिक निघालेला असतो, दुसऱ्यातला साठवणुकीत थोडा खराब झालेला असतो, आणि आरएनएचे डीएनएत रूपांतरही प्रत्येक वेळी सारखे होत नाही. या अडचणीवरचा उपाय म्हणून त्याच नमुन्यात असे एक जनुक मोजतात, ज्याची अभिव्यक्ती सर्व नमुन्यांत सारखीच राहते असे मानले जाते, आणि अभ्यासाच्या जनुकाचे मूल्य त्याच्या तुलनेत मांडतात. हेच संदर्भ जनुक. केनेथ लिव्हाक आणि थॉमस श्मिटगेन यांनी 2001 मध्ये मांडलेली आणि आज जगभर वापरली जाणारी गणितपद्धती याच गृहीतकावर चालते. दुकानातल्या काट्यावरचे किलोचे वजनच झिजलेले असेल, तर काटा कितीही अचूक असला तरी माल कमी-जास्त भरणारच. संदर्भ जनुक बदलत असेल तर पीसीआरच्या यंत्राचेही तेच होते.

अनेक वर्षे हे वजन म्हणून जीएपीडीएच आणि बीटा-अ‍ॅक्टिन ही दोन जनुके बिनदिक्कत वापरली गेली. पेशीला जगण्यासाठी रोज लागणारी कामे करणाऱ्या अशा जनुकांना हाउसकीपिंग जीन म्हणतात, आणि काम रोजचे असल्यामुळे त्यांचे प्रमाण स्थिर असणार असा समज होता. जुन्या पद्धतींत केवळ मोठे फरकच दिसत असल्यामुळे या समजाची फारशी परीक्षा झाली नाही. रिअल-टाइम पीसीआर दुपटीचाही फरक दाखवू लागल्यावर मात्र तो टिकेना. जीएपीडीएच हे जनुक ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतील एक विकर बनवते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भरमसाट वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवून दिले होते. शिवाय वेगाने वाढणाऱ्या गाठीत प्राणवायूची टंचाई होते तेव्हा एचआयएफ-1 हे प्रथिन या साखळीतील जनुकांना चालना देते आणि जीएपीडीएच त्यांपैकीच एक आहे. ज्या रोगाचा अभ्यास करायचा, तोच रोग ज्याला वाढवतो, ते जनुक त्या अभ्यासात आधार म्हणून घेणे धोक्याचे आहे.

हा धोका एका काल्पनिक उदाहरणावरून नीट कळतो. समजा, एका जनुकाचे सीटी मूल्य गाठीशेजारच्या ऊतीत 26 आणि गाठीत 24 आले, जीएपीडीएचचे अनुक्रमे 20 आणि 18 आले, तर टीबीपी या खरोखर स्थिर राहिलेल्या जनुकाचे दोन्हीकडे 28 आले. जीएपीडीएच आधार धरला तर दोन्ही ऊतींत फरक 6 च राहतो आणि त्या जनुकात काहीच बदल नाही असा निष्कर्ष निघतो. टीबीपी आधार धरला तर दोन आवर्तनांची तफावत उघड होते, म्हणजे ते जनुक गाठीत चौपट सक्रिय असल्याचे दिसते. याच प्रयोगात प्रत्यक्षात मुळीच न बदललेले एखादे जनुक जीएपीडीएचच्या तुलनेत मात्र चौपट घटल्याचे भासेल. यंत्र तेच, नमुने तेच, आकडेही तेच. केवळ आधार बदलल्याने उपयोगाची खूण हातची निसटते आणि निरुपयोगी खूण हाती येते.

यकृताच्या बाबतीत ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते. या अवयवातील प्राथमिक कर्करोगांपैकी सुमारे 75 ते 85 टक्के हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा या प्रकारचे, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशींत उद्भवणारे असतात, आणि ते बहुधा निरोगी यकृतात होत नाहीत. हेपॅटायटिस बी किंवा सी विषाणूचा दीर्घ संसर्ग, मद्यपान, यकृतात साचलेली चरबी, बुरशीतून अन्नात येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, अशा कारणांनी यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहते, त्याची जागा तंतूंचे व्रण घेतात आणि सिरोसिस झालेल्या त्या यकृतात पुढे गाठ धरते. त्यामुळे तुलनेसाठी घेतलेली गाठीशेजारची ऊतही बहुधा आजारीच असते. तंतू निर्माण करणाऱ्या पेशी वाढल्या की अ‍ॅक्टिन बनवणाऱ्या जनुकांचे प्रमाण बदलू शकते. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे आणखी एक जुने संदर्भ जनुक रोगप्रतिकारक यंत्रणेशी जोडलेले असल्याने विषाणूविरुद्ध तयार होणाऱ्या इंटरफेरॉनमुळे वाढते. 18-एस हा रायबोसोमचा आरएनए पेशीत इतका विपुल असतो, की त्याच्याशेजारी विरळ जनुकाची तुलना विश्वासार्ह राहत नाही.

हेपॅटायटिस सी विषाणूशी निगडित यकृताच्या कर्करोगात नेहमीच्या वापरातील अनेक हाउसकीपिंग जीन बिघडलेल्या प्रमाणात आढळतात, असे वॅक्समन आणि वुर्मबाख यांनी 2007 मध्ये दाखवले. त्यानंतर इतर गटांनीही शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी तपासल्या. टीबीपी, एचएमबीएस, एचपीआरटी1 ही नावे अशा अभ्यासांत वारंवार येतात, पण सर्वांना लागू पडेल अशी एकच यादी त्यांतून निघत नाही. आणि हे स्वाभाविक आहे, कारण विषाणू कोणता, सिरोसिस आहे का, नमुना ऊतीचा की पेशींचा, यांप्रमाणे स्थिर राहणारी जनुके बदलतात.

मग निवड कशी करायची, याचे उत्तर बेल्जियममधील गेंट येथील यो फांडेसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये जीनॉर्म या पद्धतीने दिले. दोन जनुके खरोखर स्थिर असतील तर त्यांच्यातील गुणोत्तर प्रत्येक नमुन्यात सारखेच राहिले पाहिजे, हे तिचे साधे तत्त्व आहे. या तत्त्वाने अनेक उमेदवार जनुके एकमेकांशी ताडून पाहतात, सर्वांत अस्थिर असलेले जनुक एकेक करून गाळतात आणि उरलेल्या जनुकांच्या भूमितीय सरासरीला आधार मानतात. एकाच संदर्भ जनुकावर विसंबल्यास एक चतुर्थांश तुलनांत तिपटीहून आणि एक दशांश तुलनांत सहापटीहून अधिक चूक होते, असे त्यांच्या मोजमापात दिसून आले. या पद्धतीतही एक उणीव आहे : ऊर्जासाखळीतील दोन जनुके एकत्रच वाढत असतील, तर त्यांचे गुणोत्तर सारखे राहून ती स्थिर असल्याचा भास होतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2004 मध्ये आणलेली नॉर्मफाइंडर पद्धत गाठ आणि शेजारची ऊत या गटांमधला फरक वेगळा मोजून ही उणीव पुष्कळशी भरून काढते. त्यामुळे वेगवेगळी कामे करणारी उमेदवार जनुके निवडणे आणि एकाहून अधिक पद्धतींनी त्यांची परीक्षा घेणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

स्टीफन बस्टिन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एमआयक्यूई या मार्गदर्शक तत्त्वांनीही हाच आग्रह धरला, की संदर्भ जनुके त्याच ऊतीत आणि त्याच परिस्थितीत पारखलेली असावीत, ती का निवडली हे शोधनिबंधात लिहावे आणि एकच जनुक वापरायचे असल्यास त्याच्या स्थिरतेचा पुरावा द्यावा. या पारखीला लागतात ते थोडे अधिक नमुने, थोडी अधिक रसायने आणि काही दिवसांचे काम. ती टाळल्याची किंमत मात्र पुढे कित्येक पटींनी मोजावी लागते, कारण चुकीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या खुणेच्या मागे इतर प्रयोगशाळांची वर्षे आणि सार्वजनिक पैसा खर्च होतो. अशा संशोधनासाठी आपल्या यकृताचा तुकडा वापरायला संमती देणारा रुग्ण बहुधा स्वतः बरा होण्याची खात्री नसतानाही पुढच्या रुग्णांच्या आशेने ती देत असतो. त्या तुकड्यातून निघणारा आकडा खरा असावा यासाठी मोजण्याआधी माप तपासणे, हे संशोधकाचे तांत्रिक काम तर आहेच, पण त्या विश्वासाला जागण्याचे कर्तव्यही आहे.