व्हॉल्व्हची ऊब आणि सूनबाईचा प्रश्न

आमची सूनबाई धारवाडची. ती माझ्याशी कन्नडमध्ये बोलते, मी मराठीत उत्तर देतो आणि नातू दोन्ही भाषांत हट्ट करतो. माझ्या रेडिओच्या खोलीत ती सहसा येत नाही. दिवाळीच्या साफसफाईला मात्र आली आणि टेबलाखालच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "इदु बेकेन्री, मावा?"

ती पेटी म्हणजे माझा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. मी हौशी रेडिओवाला, ज्याला हॅम म्हणतात तो. परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स घेऊन घरच्या केंद्रावरून दूरच्या हॅम मंडळींशी बोलायचे, हा आमचा छंद. विकत मिळणारा संच साधारण १०० वॅटचा असतो. त्याची शक्ती आणखी वाढवून अँटेनाकडे पाठवायची तर ॲम्प्लिफायर लागतो. माझा मी स्वतःच बांधला होता, ८११ए जातीचे दोन व्हॉल्व्ह घालून. साधारण ३०० वॅट द्यायचा.

आमच्या पिढीला व्हॉल्व्हचे वेड का, हे तरुणांना कळणार नाही. लहानपणी बटण फिरवले की घरचा रेडिओ अर्धा मिनिट गप्प बसायचा, मग हळूहळू गरम होऊन धारवाड किंवा सांगली बोलू लागायची. ८११ए मात्र बल्बसारखा लगेच पेटतो. थंडीच्या पहाटे त्याच्या उजेडात बसायला काय बरे वाटते! शिवाय हा व्हॉल्व्ह सोशिक. पावसाळ्यात अँटेनाच्या जोडात पाणी शिरले, शक्ती उलटी परत येऊ लागली, तरी दोन चाके फिरवून बरेचसे जमवून घेता येते. हाताकडून थोडी चूक झाली तर प्लेट लाल होऊन तो आधी बजावतो. ट्रान्झिस्टर बजावत नाही. क्षणात जातो.

म्हणूनच हल्लीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये राखणदार सर्किट बसवलेले असते. अँटेना बिघडली की ते सरळ काम बंद करते. चिडायला होते खरे, पण बरोबर तेच करते. बाकी त्याचे सगळे सोपे. बँड बदलला की फिल्टर बदलतो, चाके फिरवायला नकोत. आणि आत १२ किंवा ५० व्होल्टच्या आसपासचे काम. मात्र विजेचा प्रवाह दांडगा. १२ व्होल्टवर ३०० वॅट काढायचे तर ४० अँपिअरच्या वर जातो. बारीक वायर लावाल तर वितळेल.

माझ्या पेटीत प्लेटवर १५०० व्होल्ट. इथेच सूनबाईच्या प्रश्नाने मला गप्प केले, कारण त्याआधीच्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. पंखा आवाज करत होता म्हणून पेटी उघडली. प्लग काढलेला होता. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज हळूहळू उतरवायला ब्लीडर रेझिस्टर असतो, त्यावर भरवसा ठेवून स्क्रूड्रायव्हर आत घातला. बंदुकीसारखा आवाज झाला, ठिणगी उडाली, स्क्रूड्रायव्हरचे टोक उडाले. ब्लीडर कधीचा जळून तुटला होता. मुठीच्या प्लास्टिकने मला वाचवले. आणि नातू माझ्या खांद्याला टेकून आत वाकून बघत होता. "आजोबा, फटाका?" म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पेटी उघडताना एक हात खिशात ठेवावा, आधी इन्सुलेट केलेल्या काठीने कपॅसिटरची वीज जमिनीत उतरवावी, झाकण काढताच मुख्य वीज तुटेल असा स्विच असावा, हे सगळे मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो.

बरे, एवढे करून मिळत काय होते? मीटरवरचा एक 'एस' म्हणजे चौपट शक्ती. १०० वॅटचे ३०० केले तर समोरच्याकडे काटा एक घरसुद्धा पुरता चढत नाही. नुसते तापत राहायला दोन व्हॉल्व्ह ५० वॅट खातात, ते वेगळेच. गोंगाटात शब्द निसटत असताना तेवढ्यानेही फरक पडतो, हे मी नाकारत नाही. पण रोज सकाळी ४० मीटरवर गप्पा मारायला त्याची गरज नव्हती.

ऑगस्ट २०१९ चा पूर तर तुम्हा सगळ्यांच्या लक्षात असेल. पंचगंगेचे पाणी आले आणि कोल्हापूरचा हायवे बंद झाला. आमच्या गल्लीत वीज नव्हती. पेटी निपचित पडून होती. गाडीची बॅटरी काढून १०० वॅटचा संच लावला, तो चालला. दुपारच्या वेळी, छपराच्या उंचीवर बांधलेल्या साध्या तारेवर, कोल्हापूरचा एक जुना हॅम मित्र स्पष्ट ऐकू आला. पलीकडून तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "पाणी जिन्यापर्यंत आहे, आम्ही वर आहोत. ताईला कळवा." त्याची बहीण आमच्याच गावात. दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता. निरोप घेऊन मी चालत गेलो.

आता नवीन मुले विचारायला येतात, व्हॉल्व्ह घेऊ की ट्रान्झिस्टर? मी आधी विचारतो, घरात लहान मूल आहे का, आणि अँटेना कशी आहे? तार उंच, मोकळी आणि जोड कोरडे असतील, लायसन्समध्ये बसत असेल आणि तरीही शक्ती कमी पडत असेल, तर ट्रान्झिस्टर घ्या. व्हॉल्व्हचा हट्ट असेल तर एखाद्या जाणत्याजवळ बसून शिका. जुनी पेटी स्वस्त मिळते म्हणून उचलू नका.

माझ्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर काढून टाकले. दोन्ही व्हॉल्व्ह शोकेसमध्ये आहेत, सूनबाईच्या बाहुल्यांशेजारी. परवा ६६ फूट तांब्याची नवी तार आणि केबलची गुंडाळी घेऊन घरी आलो. तिने दारातच अडवले, "इदु बेकेन्री, मावा?"

या वेळी मी कन्नडमध्येच उत्तर दिले. "बेकु."