एकट्याच्या वाटेवरची उधारी

एकट्याने प्रवास केला की माणूस स्वावलंबी होतो, असे आपण धरूनच चालतो. मराठीतल्या एकांड्या प्रवाशांची चरित्रे ओळीने वाचली की हा समज डळमळतो. घर सोडलेल्या माणसाला पहिल्यांदा शिकावे लागते ते मागायला.

धर्मानंद कोसंबींचेच पाहा. गोव्यातील साखवाळ गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा या ध्यासाने 1899च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर करत ते काशीला पोहोचले. तिथे संस्कृत शिकताना पोटाची सोय झाली ती अन्नछत्रात. पुढे मोठ्या आशेने नेपाळ गाठले, तर तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराशाच पदरी आली. मग बुद्धगया आणि तिथून लंका. 1902मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांनी त्यांना पदराखाली घेतले आणि पालीचे दार उघडले. बरोबर चार सोबती असते तर नेपाळातच ‘आता घरी चला’ हा ठराव एकमताने पास झाला असता! एकट्याला फक्त स्वतःची समजूत काढावी लागते.

पण याच कथेची दुसरी बाजू आपण घाईने ओलांडतो. कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्या वर्षांचा संसार कोणी ओढला? एकट्याच्या प्रवासाचे अर्धे ओझे नेहमी घरी राहिलेल्याच्या खांद्यावर असते. प्रवासवर्णनात त्याला फार तर दोन ओळी मिळतात.

मागण्याची खरी शाळा म्हणजे नर्मदा परिक्रमा. नदीची लांबी 1,312 किलोमीटर. दोन्ही तीर धरले तर चाल 2,600 किलोमीटरच्या पुढे जाते. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मध्येच ओलांडायची नाही. जुन्या रीतीने या फेरीला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. ‘नर्मदे हर’ म्हणत दारात उभे राहायचे, सदावर्तात मिळेल तो शिधा घ्यायचा आणि तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचा. शूलपाणीच्या झाडीत तर असेल नसेल ते लुटले जाणार, हे धरूनच जुने परिक्रमावासी पुढे जात. गो. नी. दांडेकर ही वाट पायी चालले, त्यातूनच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. हात पसरताना आधी मान वाकते. ती वाकली की समोरच्याचे घर, त्याची चूल, त्याची गरिबी दिसू लागते.

आनंदीबाई जोशींची गोष्ट निराळी. एप्रिल 1883मध्ये, वयाची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेली असताना, त्यांनी कलकत्त्याहून बोट धरली. नवरा बरोबर नव्हता. बोटीवर सोबत होती ती परक्या मिशनरी बायकांची. न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला आल्या कार्पेंटरबाई. तोवर त्यांची ओळख होती ती केवळ पत्रांतून. त्या पत्रांच्या भरवशावर एक मुलगी सातासमुद्रापार गेली आणि 1886 साली डॉक्टर झाली. ज्याला आपण धाडस म्हणतो, त्याच्या पोटात असा कुणावर तरी टाकलेला विश्वास असतो.

शंभर वर्षांनी मीना प्रभूंनी दक्षिण अमेरिका, मेक्सिको, तुर्कस्तान असे प्रदेश पालथे घालून प्रवासवर्णनांची रांगच लावली आणि मराठी बाईच्या भटकंतीला प्रतिष्ठा दिली. तरीही आज एखादी मुलगी पाठीला सॅक लावून निघाली, की लॉजच्या काउंटरवर ‘एकट्याच आहात?’ हा प्रश्न येतोच. त्यात कधी काळजी असते, कधी संशय. दोन्हींतला फरक आवाजावरून ओळखणे, हे एकटीने फिरताना अंगी येणारे मोठे शहाणपण.

आता मात्र मागायची वेळच येत नाही. रस्ता फोन सांगतो, खोली फोनवर मिळते, जेवणाचे पैसेही फोनच देतो. सोय झाली, सुरक्षितता वाढली. त्याबद्दल तक्रार नाही. पण कुणाचे काहीच देणे लागत नाही असा प्रवास करून परतलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे थोडे उरते.

तेव्हा या सुट्टीत एकट्याने जरूर निघा. एसटीतून उतरल्यावर पुढची वाट मात्र फोनला नका विचारू, स्टँडवरच्या चहावाल्याला विचारा. आणि परत आल्यावर, तुम्ही नसताना घर कोणी सांभाळले, तेही.