पिच, पाठ आणि परदेश दौरा

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये दोन प्रकारचे क्रिकेटतज्ज्ञ असतात. भारत परदेशात टेस्ट हरला की पहिला म्हणतो, "पिचच बेकार बनवलं होतं यार!" दुसरा म्हणतो, "पिच-बिच काही नाही, आपले बोलर फिट नाहीत." मग मेस बंद व्हायची वेळ होईपर्यंत वाद चालतो आणि शेवटी दोघंही थंड आमटीवर समाधान मानतात.

मित्रांनो, गंमत अशी की दोघंही अर्धेच बरोबर असतात. पिच आणि फिटनेस हे दोन वेगळे पेपर नाहीतच. कोणाच्या शरीरावर किती लोड येणार हे पिच ठरवतं, आणि त्या पिचचा फायदा उचलता येणार की नाही हे शरीर ठरवतं. घरच्या टीमला दोन्हीचा अंदाज असतो. पाहुण्या टीमला दोन्ही गोष्टी नव्या असतात. म्हणून दौऱ्यावर कोणते ११ खेळतात यापेक्षा बाराव्यापासून अठराव्यापर्यंत कोण बसलंय, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. कसा, ते पाहू.

आधी माती

पिच म्हणजे २२ यार्ड, म्हणजे सुमारे २०.१२ मीटर लांब आणि १० फूट रुंद असा दाबून घट्ट केलेला मातीचा पट्टा. सिव्हिलवाल्यांना यातलं निम्मं पाठ आहे. प्रॉक्टर टेस्ट आठवा: माती फार ओली असेल तर रोलर फिरवून उपयोग नाही, अगदी कोरडी असेल तरी नाही. मधला नेमका ओलावा साधला की माती सगळ्यात घट्ट बसते. क्युरेटर वर्षभर हेच करत असतो. पाणी, रोलर, ऊन, पुन्हा पाणी. त्यात गवताची मुळं मातीला धरून ठेवतात.

पहिल्या दिवशी सकाळी पिचमध्ये ओलावा असतो, वर थोडं गवत असतं. बॉलची शिवण पडली की तो आत किंवा बाहेर वळतो आणि फास्ट बोलर खूश होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओलावा उडतो, पृष्ठभाग कडक होतो आणि बॅटिंग सोपी होते. नंतर चिकणमाती आकसायला लागते आणि भेगा पडतात. शिवाय बोलर बॉल टाकून पुढे जातात तेव्हा त्यांच्या स्पाइक्समुळे स्टंपच्या बाजूची जागा उकरली जाते. डावखुरा फास्ट बोलर ओव्हर द विकेट येत असेल तर ही खरबरीत जागा उजव्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर तयार होते, आणि समोरच्या बाजूने येणाऱ्या ऑफ स्पिनरला आयतीच मिळते.

मातीचा रंगही महत्त्वाचा. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जास्त. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि वाळताना आकसते. तिच्यावर बॉल साधारणपणे खाली आणि संथ राहतो. लाल माती लवकर वाळते, आधी चांगला बाउन्स देते आणि नंतर भुसभुशीत होते. ऑस्ट्रेलियात आणखी एक प्रकार आहे, 'ड्रॉप-इन' पिच. मेलबर्न आणि ॲडलेडला पिच मैदानाबाहेर पोलादी ट्रेमध्ये वाढवतात आणि सीझनला उचलून आणून बसवतात. प्रीफॅब्रिकेटेड स्लॅबसारखंच!

आता बॅट्समनचं गणित. ताशी १४० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. क्रीज ते क्रीज अंतर साधारण १७.७ मीटर. हवेत आणि टप्प्यावर वेग कमी होतो हे धरलं तरी हातात जेमतेम अर्धा सेकंद. एवढ्या वेळात विचार होत नाही, फक्त सवय काम करते. आणि सवय घरच्या बाउन्सची असते! पाहुण्याचा पाय बरोबर पडतो, बॅटही सरळ येते, फक्त बॉल चार इंच वर असतो. तेवढ्यावर स्लिपमध्ये कॅच जातो.

घरचं पिचही उलटतं

पण पिच घरच्यांचं म्हणजे मॅच घरच्यांची, असं सरळ समीकरण नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला काय झालं? पहिल्या दिवसापासून फिरणारं पिच. आपल्याकडे अश्विन-जडेजा, त्यांच्याकडे स्टीव्ह ओकीफ. निकाल: ओकीफच्या दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी, भारत १०५ आणि १०७, ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी विजयी. ऑस्ट्रेलियाने त्याआधी दुबईत मुद्दाम फिरत्या पिचवर कॅम्प घेतला होता. पिच खूपच फिरत असेल तर भारी स्पिनर आणि साधा स्पिनर यांच्यातला फरक कमी होतो. पेपर फारच सोपा निघाला तर टॉपर आणि आपण एकाच रांगेत येतो, तसंच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने हेच पूर्ण सिरीजभर केलं. बंगळुरूला ढगाळ हवेत भारत ४६ धावांत गारद. पुण्यात मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. मग सँटनरच्या बरगडीजवळचा स्नायू दुखावला आणि तो मुंबईला खेळलाच नाही. तरी वानखेडेवर मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने ११ बळी घेतले आणि १४७ धावांचा पाठलाग करताना आपण १२१ वर संपलो. सिरीज ३-०. केन विल्यमसन दुखापतीमुळे एकही टेस्ट खेळला नव्हता. त्याच्या जागी आलेला विल यंग मॅन ऑफ द सिरीज ठरला! म्हणजे न्यूझीलंडने पिच ओळखलं हे खरंच, पण एक माणूस पडला तर दुसरा तयार होता, हेही तितकंच खरं.

आता शरीर

मेकॅनिकलवाल्यांनो, आता तुमची पाळी. फटीग आठवा. एका झटक्यात न तुटणारी सळई, कमी लोड हजारो वेळा दिला की तुटते. फास्ट बोलरची पाठ म्हणजे नेमकं हेच. बॉल टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट किंवा त्याहूनही जास्त जोर पायातून वर जातो. त्याच क्षणी पाठ वाकलेली आणि पिळलेली असते. मणक्याच्या खालच्या भागात बारीक तडे जातात, त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

फरक एवढाच की सळई बरी होत नाही आणि हाड होतं. हाड लोडप्रमाणे स्वतःला घडवतं, पण हळूहळू, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने. म्हणून सगळ्यात धोकादायक काय? एकदम वाढलेला लोड. टेस्टमध्ये दिवसाला ९० ओव्हर. चार बोलर असतील तर प्रत्येकी साडेबावीस, म्हणजे १३५ बॉल. टी-२० मध्ये चार ओव्हर टाकणाऱ्या बोलरने थेट टेस्टला हे सुरू केलं तर पाठ तक्रार करणारच. त्यात दौऱ्यावर मैदान कडक, प्रवास लांबचा, सराव सामने जवळपास संपलेले आणि दोन टेस्टमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर.

आणि इथेच पिच पुन्हा येतं. पिच पाटा असेल तर समोरची टीम १५० ओव्हर खेळते आणि हा सगळा लोड तुमच्या बोलरच्या मणक्यात जमा होतो. बिल पुढच्या टेस्टला येतं.

सिडनी ते ब्रिस्बेन

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचं. ॲडलेडला ३६ ऑल आउट, कोहली घरी परतला, शमीचा हात फ्रॅक्चर. मेलबर्नला कॅप्टन अजिंक्य रहाणेने शतक ठोकून मॅच जिंकून दिली, पण उमेश यादवची पोटरी गेली. सिडनीला जडेजाचा अंगठा, विहारीचं हॅमस्ट्रिंग, अश्विनची पाठ, बुमराहच्या पोटाचा स्नायू. हॉस्पिटलचा वॉर्ड झाला होता टीमचा!

पण सिडनीच्या शेवटच्या डावाकडे नीट बघा. पाचव्या दिवसाचं पिच अपेक्षेइतकं फुटलं नाही. धावता न येणारा विहारी १६१ बॉल खेळून नाबाद २३, पाठ धरून उभा असलेला अश्विन १२८ बॉल खेळून नाबाद ३९. मॅच ड्रॉ झाली, ती तारीख ११ जानेवारी. या डावात ऑस्ट्रेलियाने १३१ ओव्हर टाकल्या.

१५ जानेवारीला ब्रिस्बेनची टेस्ट सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे स्टार्क, हेझलवूड, कमिन्स आणि लायन हेच चौघं सलग चौथी टेस्ट खेळत होते. ॲडलेडला खेळलेल्या आपल्या चार मुख्य बोलरपैकी इथे एकही नव्हता! सिराजची ही तिसरी टेस्ट, सैनीची दुसरी. पालघरच्या शार्दूल ठाकूरची दुसरी, आणि पहिल्या टेस्टमध्ये तो दहा बॉल टाकून जखमी झालेला. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर तर नेट बोलर म्हणून थांबवून घेतलेले. त्यातही सैनी मॅचमध्येच जायबंदी झाला.

तरी काय झालं? शार्दूलने मॅचमध्ये ७ बळी घेतले. १८६ वर ६ गेले असताना त्याने आणि सुंदरने १२३ धावा जोडल्या. सिराजने दुसऱ्या डावात ५ बळी घेतले. शेवटच्या दिवशी भेगांवरून उसळणारे बॉल पुजाराने अंगावर घेतले, २११ बॉल खेळून ५६. गिलने ९१ केले. आणि संध्याकाळी, दमलेल्या चौघांसमोर पंत नाबाद ८९. लक्ष्य ३२८ होतं, ते ९७ ओव्हरमध्ये पार झालं. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया गाबावर हरली नव्हती.

आपण याला जिद्दीचा विजय म्हणतो आणि तो आहेच. पण हिशेबही बघा. त्यांचे चार बोलर अनुभवी होते पण चार टेस्टचा थकवा घेऊन उतरले होते. आपले नवखे होते पण ताजे होते. कोरोनाच्या नियमांमुळे मोठी टीम नेली होती, म्हणून ते तिथे होते तरी.

उलटं उदाहरण

चार वर्षांनी हाच देश, उलटा निकाल. २०२४-२५ च्या दौऱ्यात बुमराहने ३२ बळी घेतले, दीडशेहून जास्त ओव्हर टाकून. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला हिरवं पिच मिळालं. भारत १८५, ऑस्ट्रेलिया १८१, भारत १५७. लक्ष्य फक्त १६२ आणि पिच बोलरच्या बाजूने. बुमराहला हवं ते सगळं तिथे होतं. फक्त बुमराह नव्हता. पाठीमुळे दुसऱ्या डावात त्याने एकही बॉल टाकला नाही. ऑस्ट्रेलियाने ६ विकेट राखून मॅच आणि ३-१ ने सिरीज जिंकली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मात्र आधीच ठरलं की बुमराह पाचपैकी तीनच टेस्ट खेळणार. टीव्ही रूममध्ये काय आरडाओरडा झाला! पण आपण जिंकलेल्या दोन्ही टेस्ट, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्याच्याशिवायच्याच. एजबॅस्टनला त्याच्या जागी आलेल्या आकाश दीपने १० बळी घेतले. ओव्हलला पाचही टेस्ट खेळलेल्या सिराजने शेवटच्या सकाळी ६ धावांनी मॅच काढली. म्हणजे प्रत्येकाचं शरीर वेगळं, त्याचा हिशेबही वेगळाच ठेवावा लागतो. सिरीज २-२.

आणि आपण?

हे सगळं लिहायचं खरं कारण टीव्हीवरचं क्रिकेट नाही. गेल्या वर्षी आमची टीम इंटरकॉलेजिएटसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. आम्ही सराव करतो सिमेंटवर मॅटिंग टाकून, तिथे टर्फ. पहिल्या मॅचला आमचे चार बॅट्समन एलबीडब्ल्यू झाले, कारण बॉल गुडघ्याच्या वर येतच नव्हता. त्यामुळे सगळी भिस्त आमच्या एकमेव फास्ट बोलरवर. तो सबमिशन आणि परीक्षेमुळे सहा आठवडे मैदानात आला नव्हता. चार दिवसांत तीन मॅच. दुसऱ्या मॅचनंतर तो म्हणाला, "पाठ जरा धरलीये." आम्ही स्प्रे मारला. तिसऱ्या मॅचला बॉल त्याच्या हातात मीच दिला, कारण कॅप्टन मी होतो आणि दुसरं कोणी तयारच केलं नव्हतं. आम्ही हरलो. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. पाच महिने बोलिंग बंद.

तो मला कधी काही बोलला नाही. पण पिचला शिव्या देताना आता माझी जीभ अडखळते.

यंदा आम्ही एक दोनशे पानी वही केलीये. कोणी किती बॉल टाकले ते रोज लिहितो. परीक्षेच्या काळातही आठवड्यातून दोनदा थोडे तरी टाकायचेच. महिन्यातून एकदा टर्फ भाड्याने घेतो, वर्गणी काढून. आणि फर्स्ट इयरच्या दोन पोरांना नवा बॉल द्यायला सुरुवात केलीये. ते वाइड फार टाकतात. चालेल.

एसओएमच्या पहिल्याच युनिटमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात. पूल बांधताना आपण तो कधी विसरणार नाही. टीम बांधतानाही विसरू नका, एवढंच. तुमच्या बोलरला "पाठ जरा धरलीये" असं वाटलं तर स्प्रे शोधू नका. बॉल दुसऱ्याकडे द्या.