कोरीव चौकट, वेताची बैठक

कोरीव लाकडी चौकट आणि वेताने विणलेली बैठक असलेली हातांची खुर्ची फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली. वेत मात्र तिथला नव्हे. ताडाच्या कुळातला हा काटेरी वेल आग्नेय आशियातल्या जंगलांतून, डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांनी सतराव्या शतकात युरोपात पोचवला. वेत हलका, धूळ न धरणारा, कसर न लागणारा; त्यामुळे जेवणघरात आणि लिहिण्याच्या खोलीत त्याला पसंती मिळाली. बसायला टणक वाटू नये म्हणून वर पातळ गादी ठेवत.

एका खुर्चीला अनेक हात लागत. सुतार बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाची चौकट कूस-साल्याने जोडून लाकडी खुंट्या ठोके. शिंपले, फुले, पाने कोरणारा कारागीर वेगळा, रंग किंवा सोनेरी मुलामा देणारा आणखी वेगळा. पॅरिसच्या सुतार-संघाने १७४३ मध्ये केलेल्या आणि १७५१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सुताराला चौकटीवर आपल्या नावाचा ठसा उमटवावा लागे; बाकीच्यांची नावे बहुधा हरवली. १७९१ मध्ये हे संघच बरखास्त झाले. ठसा नाही म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही, कारण राजदरबारासाठी काम करणाऱ्यांना त्यातून सूट होती. आणि ठसा नंतरही मारता येतो, हे जुन्या सामानाच्या बाजारात सगळेच जाणतात.

आकार ठरवला तो पोशाखाने. १७२० च्या सुमारास बायकांचे घागरे आतल्या सांगाड्यामुळे इतके फुगले, की खुर्चीच्या हातांचे आधार पुढच्या पायांवरून मागे सरकवावे लागले. पंधराव्या लुईच्या काळात पाय नागमोडी झाले. सोळाव्याच्या काळात ते सरळ, खाचेदार आणि खाली निमुळते झाले.

विणकामासाठी वेताच्या चकचकीत सालीच्या पट्ट्या काढून पाण्यात भिजवतात. चौकटीला ओळीने पाडलेल्या भोकांतून दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरपे पदर ओवले, की मधे अष्टकोनी जाळी उमटते. बैठक सैल पडली तर खालच्या, बिनचकाकीच्या बाजूला ओले फडके लावून सावलीत वाळवतात. वेत पुन्हा ताणला जातो.

एकोणिसाव्या शतकात या शैलीच्या नकला भरपूर झाल्या. गोल करवतीच्या कमानदार खुणा आणि खाचेत दाबून बसवलेली यंत्राने विणलेली जाळी दिसली, तर तो नंतरचा माल किंवा नंतरची दुरुस्ती समजावी. अठराव्या शतकातला मूळ वेत क्वचितच टिकतो, त्यामुळे हाताने नवा विणला म्हणून खुर्चीचे अस्सलपण जात नाही. उलट वेत तुटल्यावर कित्येक खुर्च्यांवर कापडी गाद्या ठोकल्या गेल्या. कापड उचकटले, की चौकटीत भोकांची मूळ ओळ सापडते.